नदीने नेलेल्यांची यादी

विसर्जन आटोपले की लालबागला काही दिवस बहिरेपण येते. दहा-बारा दिवस ढोलांनी हादरलेल्या भिंती एकदम गप्प होतात. मांडवांचे बांबू रस्त्याकडेला आडवे पडलेले असतात, सुतळीची टोके गटारांच्या जाळ्यांत अडकून राहतात आणि फुटपाथच्या फटींमधली गुलालाची बारीक रेघ कितीतरी दिवस निघत नाही. मग पितृपंधरवडा लागतो. या दिवसांत कुणी नवे कापड घेत नाही, नवी जागा बघायला जात नाही. उंच बांधकामांवरचे चकचकीत फलकसुद्धा पंधरा दिवस खजील झाल्यासारखे दिसतात.

हे दिवस मला आवडतात असे म्हणण्याचा धीर होत नाही, कारण हे दिवस आवडून घ्यायचे नसतात. पण वर्षभरात माझ्या खरोखर जवळचे असे दिवस हेच. दादरच्या आमच्या घराच्या खिडकीवर या पंधरवड्यात एक कावळा येऊन बसतो, मान तिरकी करून आत पाहतो, आणि मी नकळत पदर सारखा करते.

यंदाचा पंधरवडा एका मेसेजने सुरू झाला. आमच्या ग्रामस्थ मंडळाचा चिटणीस प्रणय हा तिशीचा मुलगा. लोअर परळला ज्या गिरणीत माझे वडील साच्यावर, म्हणजे मागावर, उभे राहत, तिच्याच आवारात आता काचेची इमारत आहे आणि तिच्या अकराव्या मजल्यावर तो नोकरी करतो. त्याने लिहिले होते, "आत्या, नावांची लिस्ट अमावास्येपर्यंत फायनल करून दे ना प्लीज. ग्रॅनाइटवाला डोकं खातोय. एकदा कोरलं की चेंज नाही होणार हां."

ते शेवटचे वाक्य मी दोन दिवस पुन्हा पुन्हा वाचत होते.

*

आमचे गाव कोंडसरी. तीन वाड्या, एक देऊळ आणि एक नदी. त्या नदीला नकाशावर काहीतरी नाव असेल. गावात तिला कुणीही नावाने हाक मारलेली मी ऐकली नाही. नदीला तिथे न्हय म्हणतात, आणि न्हय म्हणजे न्हय. समुद्र तिथून दोनच मैलांवर असल्याने भरतीचे पाणी गावापर्यंत चढते, आणि वरून पावसाचे लाल पाणी उतरत असताना खालून भरती आली की त्या दोन पाण्यांची जिथे गाठ पडते, तिथे नदी जागच्या जागी फुगते. शाळा, बाजार, दवाखाना, एसटीचा थांबा, सगळे पलीकडच्या तीरावर. त्यामुळे कोंडसरीच्या माणसाला जन्मभर काही ना काही निमित्ताने नदी ओलांडावी लागे, आणि दर चार-पाच वर्षांनी नदी त्यांतल्या एखाद्याला ठेवून घेई. आता पूल झाला आहे. त्या पुलाच्या तोंडाशी एक शिळा बसवायची आणि नदीने नेलेल्यांची नावे तिच्यावर कोरायची, असे मंडळाने ठरवले. यादी माझ्याकडे होती.

ही यादी गावात कधीच नव्हती. ती तयार झाली, वाढली आणि टिकली ती लालबागच्या एका चाळीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत. गिरणीत कामाला आलेल्या गावच्या पुरुषांनी मिळून घेतलेली ही गावकीची खोली. दहा बाय बाराच्या त्या जागेत एका काळी तीसेक माणसे पाळीपाळीने निजत. एकाची वळकटी थंड होण्याआधी दुसरा तिच्यावर आडवा होई. भिंतीला लागून छतापर्यंत पत्र्याच्या ट्रंका रचलेल्या, आणि प्रत्येक ट्रंकेवर पांढऱ्या रंगात मालकाचे नाव. घामाचा, खोबरेलाचा आणि कपड्यांत मुरलेल्या यंत्राच्या तेलाचा मिळून एक वास होता. माझ्या वडिलांना बिऱ्हाड मिळाल्यावर आम्ही त्याच चाळीत खालच्या मजल्यावर राहू लागलो. तरी तो वास त्यांच्या सदऱ्याला कायम येई, आणि आईला तो आवडत नसे.

गावी गणपतीला जाऊन आले की रजा संपलेली असायची. सर्वपित्री अमावास्येला पुन्हा गावी जाणे कुणालाच शक्य नव्हते. ज्यांना नदीने नेले त्यांच्यापैकी पुष्कळांचा देह सापडलेला नव्हता, नक्की तिथी ठाऊक नव्हती. म्हणून गणपतीहून परतताना कुणीतरी नदीचे पाणी कळशीत भरून, तोंडाला फडके बांधून, मांडीवर घेऊन मुंबईला आणी. अमावास्येला दुपारी बारा वाजता खोलीच्या मध्यभागी परात ठेवत. एकाने नाव वाचायचे, दुसऱ्याने पळीभर पाणी परातीत सोडायचे, आणि बाकीच्यांनी म्हणायचे, "व्हय म्हाराजा." एका नावाला एक पळी. परातीतले ते पाणी मोरीत ओतायचे नाही. दोघांनी जाऊन दादरच्या समुद्रात सोडून यायचे. यादीत फक्त नावे होती. आडनावे का नाहीत असे मी लहानपणी विचारले, तेव्हा यादी वाचणारे म्हातारे भाऊ म्हणाले होते, "मेलेल्याक आडनाव कित्याक व्हया गो? न्हय काय रेशनकार्ड बघता?"

*

मी सांगते आहे ते वर्ष गिरण्या चालू असतानाचे. त्या उन्हाळ्यात मी बी. ए. झाले होते, आणि भाऊंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. यादी कोण वाचणार यावर अमावास्येच्या आदल्या रविवारी खोलीत बराच खल झाला. वसंतकाकांनी माझे नाव सुचवले. हे माझ्या वडिलांचे सोबती. दोघे एकाच खात्यात, एकाच पाळीला.

"बायल माणूस नावां वाचतला?" कोपऱ्यातून कुणीतरी विचारले.

"मगे काय कावळो वाचतलो?" वसंतकाका म्हणाले. "तुझा वाचान ऐकलाहा आमी. गेल्या साली पत्र वाचलंस, तर बायलेक मुलगी झाली की म्हशीक, ताच कळूक नाय."

सगळे हसले, आणि त्या हसण्यात माझी नेमणूक झाली. मी हो म्हटले नव्हते. मला कुणी विचारलेही नव्हते, आणि विचारले असते तर मी खाली मान घालून हो म्हटले असते.

अमावास्येची ती दुपार मला आजही अंगावर असल्यासारखी आठवते. पाऊस मागे सरला होता आणि उकाडा पुढे आला होता. खालच्या खानावळीतून वड्यांचा तळणीचा वास आणि काळ्या वाटाण्यांच्या सांबाऱ्याचा वास जिन्याने वर चढत होता. खोलीत पंखा नव्हता. खिडकी ट्रंकांमागे गेलेली, त्यामुळे उजेड यायचा तो फक्त दारातून. मी दाराकडे तोंड करून पाटावर बसले. कागद चार घड्यांचा, वहीतून फाडलेला, घड्यांवर शाई पुसट झालेली. पहिली चार-पाच नावे वाचून होतात न होतात तोच कागदावर सावली पडली.

दारात कुणी उभे आहे हे कळले, पण मान वर करून पाहण्याचे धैर्य माझ्यात नव्हते. चूक होईल या भीतीने मी प्रत्येक अक्षरावर बोट ठेवून वाचत होते. सावलीत अक्षरे आणखी पुसट झाली. नाव, पळीचा आवाज, व्हय म्हाराजा. नाव, पळी, व्हय म्हाराजा. यादीच्या साधारण मध्यावर आले असेन, आणि कागदावर एकाएकी उजेड पडला. दार मोकळे झाले होते. जिन्यावरून उतरत जाणारी अनवाणी पावले मला ऐकू आली.

नंतर कळले, ती तारीण होती.

*

तारीण म्हणजे खालच्या खानावळीत भाकऱ्या थापणारी बाई. तिला सगळे तारीण म्हणत, कारण तिचा नवरा आमच्या नदीवर तारी होता. होडीने माणसे पोचवायचे काम त्याचे. दर घरामागे वर्षाला ठरलेले भात त्याला मिळे. त्याची झोपडी पलीकडच्या तीरावर, कुठल्याच वाडीत न मोडणारी. एका वर्षी गणपतीनंतर नदीने त्याला नेले, आणि मूलबाळ नसलेली ही बाई कुणाच्या तरी ओळखीने लालबागला येऊन भाकऱ्या थापू लागली. खोलीतल्या साऱ्या पुरुषांची जेवणे तिच्या हातची. बोलायची फार कमी. बोलली तरी तिच्या बोलण्यात काही आडवळणे असत, आणि आम्ही मुली त्यांना हसत असू. शिवडीला ती कधी शिवडी म्हणत नसे. "त्या मिठागराकडचा ठेसन" म्हणे. शिवाजी पार्काला म्हणे, "ता मोठा मैदान."

त्या दिवशी जेवणे झाल्यावर मी जिन्यात तिला गाठले. ती पायरीवर बसून पराती घासत होती. यादीतली सगळी नावे मी नुकतीच वाचली होती, आणि तारी गेल्याचे तर साऱ्या गावाला ठाऊक होते. मला वाटले, त्याचे नाव यादीत कोणते, ते विचारावे.

"मावशे, तुमच्या त्यांचं नाव कुठलं?"

तिने राखेचा हात थांबवला. "घोवाचा नाव बायल घेता काय गो? बी. ए. झालंस ना तू?"

"पण यादीत आहे ना?"

"तुमच्याच लोकांनी लिवल्यानी ती," ती म्हणाली. "तुकाच म्हायत." आणि पुन्हा घासू लागली.

रात्रपाळीला निघण्याआधी वडील खाटेवर बसून विडी ओढत होते. त्यांना मी विचारले. त्यांनी विडीची राख झटकली. मग म्हणाले, "तो यादीत नाय."

"का?"

"तो गावचो नाय. पल्याडचो."

"पण नदीनेच नेलं ना त्यांना?"

वडिलांनी विडी कठड्यावर विझवली. त्यांच्या तोंडून जे बाहेर आले ते त्यांनी सांगितले असे म्हणता येणार नाही. ते त्यांच्याकडून सांडले. त्या वर्षी परतीच्या दिवशी पाणी चढले होते. तारी म्हणत होता, दोन तास थांबा, भरती उतरू दे. पण एसटी चुकली तर सोमवारची हजेरी चुकणार होती. सातजण होते. "आमी घाय केली. मीच मोठ्यान बोललंय त्येका. म्हटलंय, तू भितंस तर वल्ह्या माझ्याकडे दी." तारी गप्प बसून होडीत उतरला. त्याने त्यांना सुखरूप पोचवले. त्यांची एसटी मिळाली, हजेरी लागली. गावाकडे राहिलेल्यांना आणायला रिकामी होडी घेऊन तो परत फिरला तेव्हा नदीने त्याला नेले, आणि ते पत्राने इथे कळले तेव्हा असाच पितृपंधरवडा चालू होता. त्या सातांत वसंतकाकाही होते. त्या वर्षी यादी वाचताना कुणीच त्याचे नाव काढले नाही. पुढच्या वर्षी काढणे अधिकच अवघड झाले.

"त्यांचं नाव काय होतं?"

"तारी," वडील म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "तारीच म्हणत सगळे. माका खरा म्हायत नाय." डबा उचलून ते उठले. "यादीत आसत तितकीच नावां वाच. तेवढा काम तुझा."

मी तेवढेच काम केले. त्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, आणि नंतरची कितीतरी वर्षे. पुढे एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मला नोकरी मिळाली. आलेल्या पुस्तकांच्या नोंदी करायच्या, दुबार झालेल्या नोंदी शोधून काढून टाकायच्या. समोर लिहिले आहे ते बरोबर उतरवून घेण्यात माझा हातखंडा होता. जे लिहिलेले नाही, त्याविषयी मला कुणी काही विचारले नाही.

तारीण मात्र दर अमावास्येला येई. दारात तिची सावली पडे, आणि यादी अर्ध्यावर आली की उजेड मोकळा होई. मला वाटे, तिला राग येत असावा. अर्धी यादी झाली तरी नवऱ्याचे नाव येत नाही, म्हणून ती निघून जात असावी. सावली पडली की माझा आवाज कापू लागे, आणि उजेड पडला की सुटल्यासारखे वाटे. त्या सुटल्यासारखे वाटण्याचीच मला पुढे सर्वांत जास्त लाज वाटत राहिली. मग गिरण्यांना टाळी लागली, खोली रिकामी होत गेली, खानावळ बंद पडली. तारीण कुणा दूरच्या पुतण्याकडे गेली असे ऐकले, आणि काही वर्षांनी ती वारल्याचेही. ट्रंका एकेक करून गावी गेल्या. अमावास्येला येणारी माणसे वीस झाली, दहा झाली, सहा झाली. वडील गेले. मी वाचत राहिले. कधीमधी वाचता वाचता, दारात कुणी नसताना, कागदावर सावली पडल्यासारखे वाटे. ढग असेल, किंवा चष्म्याचा नंबर.

*

प्रणयच्या मेसेजच्या तिसऱ्या दिवशी मी वरळीला गेले. बायो आत्या तिथे मुलाकडे असते. सख्खी आत्या नव्हे. वाडीतल्या प्रत्येकीची ती आत्याच. वय नव्वदीला टेकलेले, कान उत्तम, डोळे गेलेले. तिचा नवराही नदीने नेलेल्यांपैकी. कोवळ्या वयात, खाडीत खुबे काढायला उतरला तो गेला. तो यादीत आहे. लग्न होऊन ती कोंडसरीला आली त्याच वर्षी तारीणही पल्याड सून म्हणून आली होती, एवढे मला ठाऊक होते. नवऱ्यामागे तीही लालबागला येऊन खानावळीत तारिणीच्या शेजारी बसून वर्षानुवर्षे भाकऱ्या थापत होती. आता तारीचे नाव ठाऊक असेल तर तिलाच.

नवव्या मजल्यावरच्या त्या खोलीत खिडकीतून समुद्र दिसत होता. आत्याला तो दिसत नव्हता, पण ती त्याच्याकडेच तोंड करून बसली होती.

"कोण? आमच्या सोन्याचा चेडू?" माझ्या वडिलांना ती सोन्या म्हणे. तिने माझा हात धरला आणि तळहात चाचपला. "भाकरी थापूक शिकलंस काय गो? की नुसती पुस्तकाच?"

"नुसती पुस्तकंच, आत्या."

"दिसताहा. हात कसो, बटाट्यासारखो." ती हसली. "माझो नातूय तसोच. जाता रोज मोटारीत बसान, त्या मिठागराकडे. काय करता विचारलंय तर म्हणता, बसतंय."

मिठागराकडे. तो शब्द ऐकून मी थबकले. कितीतरी वर्षांत मी तो ऐकला नव्हता. पण मी ज्या कामासाठी आले होते ते तोंडातून निघायला मला इतके कष्ट पडत होते, की त्यावर विचार करायला जागा उरली नाही. मी शिळेचे सांगितले. यादीचे सांगितले. मग विचारले, तारीचे नाव तिला आठवते का.

आत्या लगेच म्हणाली, "आठवता तर. कसा नाय आठवतला?"

मी पिशवीतून पेन काढले.  समुद्रावरून वारा येत होता आणि तिच्या पांढऱ्या केसांची एक बट हलत होती.

"आत्या?"

"माका घेवक येना नाय ता नाव."

"का?"

"कित्याक काय? आमच्या ह्येंचा नाव घेतलंय कधी मी? लग्नात एकदा घेतलंय, उखाण्यात. कुकू गेल्यावर उखाणो खंयचो?"

मला कळायला वेळ लागला. इतकी वर्षे शिकून, इतकी वर्षे नोंदी करून, मला वेळ लागला. आत्याने माझ्या हातावर दोन बोटे ठेवली. "त्येचा आणि आमच्या ह्येंचा एकच नाव गो. खुळी तू."

तिच्या नवऱ्याचे नाव शिवराम. यादीत ते बरोबर मध्यावर आहे.

शिवडी. शिवाजी पार्क. दोन बायका एका चुलीशी शेजारी शेजारी बसून भाकऱ्या थापत होत्या, दोघींच्या तोंडी एकच आडवळण होते, आणि आम्ही हसत होतो.

"म्हणून ती येय वर," आत्या म्हणाली. ती आता समुद्राशीच बोलत असल्यासारखी बोलत होती. "तुमी काय तिच्या घोवाचा नाव घेवचास नाय, ता तिका म्हायत होता. एकदा माका म्हणाली, बायो, तुझ्या ह्येंचा घेतत, तेवढ्यात मी माझ्या ह्येंचाय ऐकून घेतंय. तुका राग येयत? मी म्हटलंय, राग कसलो गो? नाव काय भाकरी आसा, अर्धी केली तर कमी होवक?"

 तारीण रागाने जात नव्हती. ती ज्यासाठी येत होती ते तिला मिळत होते, दुसरीच्या नवऱ्याला वाहिलेल्या एका पळीतून, उसने. ते मिळाले की ती चुलीकडे परत जात होती. आणि ते नाव वाचणारी मी होते, अक्षरावर बोट ठेवून.

निघताना आत्याने माझा हात सोडला नाही. "दोनदा लिव," ती म्हणाली. "तुझ्या दगडावर जागा आसा मां?"

*

मी दोनदा लिहिले. शिवराम, आणि त्याच्याखाली पुन्हा शिवराम. यादी पाठवून दिली. दुसऱ्या दिवशी प्रणयने ग्रॅनाइटवाल्याकडून आलेला नमुना पाठवला. काळ्या दगडावर सोनेरी अक्षरे, आणि मध्यावर शिवराम एकदाच. खाली त्याने लिहिले होते, "आत्या, एक नाव डबल टाईप झालं होतं ना, मी डिलीट करून टाकलं. नो टेन्शन."

जन्मभर मी हेच करत आले होते. मीही काढून टाकले असते. मी त्याला फोन केला. फोनवर बोलण्याचे मला नेहमीच दडपण येते, आणि सुरुवातीची दोन वाक्ये मी कागदावर लिहून घेतली होती.

"ते डबल नाही रे, प्रणय. दोन माणसं आहेत."

"अगं, मग दुसऱ्याचं आडनाव टाकूया ना. नाहीतर लोक बोलतील मिस्टेक आहे."

"आडनाव कुणाचंच नाही यादीत. आणि दुसऱ्याचं मला माहीत नाही."

"मग कोण आहे हा दुसरा?"

मी त्याला सांगितले. सात माणसे, दोन तास, सोमवारची हजेरी. वडिलांनी काय म्हटले होते तेही सांगितले, जे मी आईलासुद्धा कधी सांगितले नव्हते.  तो म्हणाला, "वसंतआजोबा ऐकतील? ते प्रेसिडेंट आहेत, आत्या. सही त्यांची लागते."

*

सर्वपित्रीला आम्ही खोलीत जमलो ते शेवटचे. चाळ पाडायची आहे. महिनाअखेर सगळ्यांनी जागा खाली करायची. शेजारच्या बिऱ्हाडांची दारे काढून नेलेली होती. खोलीत एकही ट्रंक उरली नव्हती, त्यामुळे खिडकी प्रथमच उघडी दिसली. पण तिच्यासमोर आता नव्या इमारतीची भिंत आहे, आणि उजेड यायचा तो पूर्वीसारखाच दारातून. नदीचे पाणी प्रणयने प्लास्टिकच्या बाटलीतून आणले होते. ते त्याने कळशीत ओतले. वसंतकाकांना दोघांनी धरून तीन मजले चढवून आणले आणि खुर्चीवर बसवले. पंच्याऐंशी वर्षांचे, हलके झालेले, हातात काठी. आम्ही आठजण होतो. मी दाराकडे तोंड करून बसले, कारण मला दुसरी जागा ठाऊक नाही.

त्यांना आधी सांगायला हवे होते. मी दोनदा त्यांच्या घरी जायला निघाले आणि दोन्ही वेळा फाटकातून परत आले.

नाव, पळी, व्हय म्हाराजा. नाव, पळी, व्हय म्हाराजा. मध्यावर आले. "शिवराम," मी वाचले. प्रणयने पळी सोडली. सगळ्यांनी व्हय म्हाराजा म्हटले.

"शिवराम," मी पुन्हा वाचले.

पळी कळशीवर थांबली. प्रणय माझ्याकडे पाहत होता, आणि बाकीचे एकमेकांकडे. कुणीतरी हलक्या आवाजात म्हणाले, "ताई, झालं ते नाव."

"ते झालं," मी म्हटले. माझा आवाज कापत होता, पण आला. "हे दुसऱ्याचं. तारीचं."

 मला वसंतकाकांकडे पाहवत नव्हते. मी त्यांच्या काठीच्या टोकाकडे पाहत होते. 

"शिवराम होता काय त्येचा नाव?" त्यांनी विचारले. इतक्या हळू, की कुणाला विचारले ते कळू नये. मग त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली, दोन्ही हात जोडले आणि एकट्यानेच म्हटले, "व्हय म्हाराजा."

प्रणयने पळीभर पाणी परातीत सोडले.

मी कागदावर पुढच्या नावाशी बोट ठेवले, पण वाचले नाही. दारात कुणी नव्हते. अनवाणी पायांनी तीन मजले उतरून चुलीपर्यंत पोचायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ मी थांबले. आणि मग पुढचे नाव वाचले.